बातमीतील बंदूक आणि ‘आत्मसंरक्षण’ : एका शब्दाची चिकित्सा

नागरिकाने शस्त्र उचलले आणि समोरचा माणूस जखमी झाला किंवा मेला, की त्या घटनेला नाव देण्याचे पहिले काम न्यायालय करीत नाही. ते काम वर्तमानपत्रे आणि वाहिन्या करतात. हल्ला, गोळीबार, जमावाचा न्याय, सूड, आत्मसंरक्षण यांपैकी कोणता शब्द मथळ्यात बसतो यावर वाचकाचे मत त्याच दिवशी बनते. निकाल दहा वर्षांनी लागतो आणि तो आतल्या पानावर छापला जातो. यांतील ‘आत्मसंरक्षण’ हा शब्द सर्वांत प्रतिष्ठेचा आहे. तो कोणाला मिळतो, केव्हा मिळतो आणि कोणाला मिळतच नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विचार करण्यासाठी सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा सोयीचा आहे. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात हा भाग येतो. घरची भाषा मराठी, शाळेची आणि कचेरीची हिंदी. जामसांवलीच्या निद्रिस्त हनुमानाच्या दर्शनाला नागपूरकडून भाविकांची रीघ लागते आणि त्याच रस्त्याने नागपूरची बातमीही येते. त्यामुळे इथला वाचक एकच घटना दोन भाषांत वाचू शकतो. हिंदी पत्र ‘आत्मरक्षा’ लिहिते, मराठी पत्र ‘स्वसंरक्षण’ किंवा ‘आत्मसंरक्षण’. शब्द वेगळे दिसले तरी दोहोंत ‘स्व’ आणि ‘आत्म’ आहे, म्हणजे रक्षण कोणाचे, तर स्वतःचे. (पांढुर्ण्याचे स्वतःचे नाव देशभरच्या बातम्यांत येते ते बहुधा वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे; तो निराळा विषय आहे.)

कायद्याचा शब्द मात्र असा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ९६ ते १०६ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ ही या हक्काची कलमे आहेत. हिंदी कायदेभाषेने इथे ‘प्राइवेट प्रतिरक्षा’ असा अर्धा परकीय शब्द ठेवला, त्याची थट्टाही होते. उर्दू कायदेभाषेत या हक्काला ‘हिफाजत-ए-खुद-इख्तियारी’ म्हणतात. दंड संहिता उर्दूत ‘ताजीरात-ए-हिंद’ या नावाने आली आणि त्या भाषांतराच्या कामात पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झालेल्या डेप्युटी नझीर अहमद यांचा सहभाग होता. ‘खुद-इख्तियारी’ म्हणजे स्वतःच्या अखत्यारीत, स्वतःच्या अधिकाराने. भर ‘कोणाचे रक्षण’ यावर नाही, ‘कोणाच्या अधिकाराने रक्षण’ यावर आहे. एरवी हे काम सरकारचे; त्या क्षणी सरकार हजर नव्हते म्हणून नागरिकाने ते आपल्या अधिकारात केले, असा त्याचा आशय. हिंदीतला ‘प्राइवेट’ हा शब्दही हेच सांगतो. म्हणूनच या हक्कात दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षणही येते. आणि म्हणूनच सार्वजनिक अधिकाऱ्यांकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही, तसेच बचावासाठी जरूर तेवढ्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, अशा दोन मर्यादा त्यावर आहेत. ‘आत्मसंरक्षण’ म्हटले की पहिली मर्यादा नजरेआड होते. सरकार त्या वेळी कुठे होते, हा प्रश्नच बातमीला सुचत नाही.

मराठी बातमीत हा शब्द रुळला तो नागरिकांमुळे नव्हे, पोलिसांमुळे. ११ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत वडाळ्याला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला आणि पुढच्या दोन दशकांत ‘चकमक’ हा गुन्हेवृत्ताचा नेहमीचा प्रकार बनला. ‘पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ केलेल्या गोळीबारात’ हे शब्द इतके घासले गेले की त्यापूर्वीचे ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द गळून पडले तरी कोणाला खटकेनासे झाले. २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, चकमकीतील प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी झाली पाहिजे, असे दंडक घालून दिले. म्हणजे वर्दीतल्या माणसाचे ‘स्वसंरक्षण’ हासुद्धा तपासायचा दावा आहे. तरीही बरोबर दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलीस वाहनात मारला गेला तेव्हा अनेक मथळ्यांनी हा शब्द अवतरणचिन्हांवाचूनच वापरला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात त्या दाव्याविषयी शंका व्यक्त झाली.

वर्दीसाठी तयार झालेला हा शब्द परवान्याच्या पिस्तुलालाही कसा चिकटतो, हे २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री दिसले. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेच्या शिंदे गटाचे पदाधिकारी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. मागे जमिनीचा वाद होता. महेश गायकवाड आणि त्यांचे एक सहकारी जखमी झाले. अटकेपूर्वी आमदारांनी ‘झी २४ तास’ या वाहिनीशी फोनवर बोलून गोळीबार आपणच केल्याचे सांगितले; पोलिसांसमोर आपल्या मुलाला धक्काबुक्की झाली आणि आपण आत्मसंरक्षणासाठी हे केले, असा त्यांचा दावा होता. त्याच बोलण्यात मुख्यमंत्र्यांवर राजकीय आरोपही होते. पुढे पोलीस ठाण्यातील कॅमेऱ्याचे चित्रण वाहिन्यांवर पुनःपुन्हा दाखवले गेले.

त्या दाव्याचे काय करायचे ते न्यायालयाचे काम आहे. इथे प्रश्न वार्तांकनाचा आहे. गोळीबार करणाऱ्याशी बोलणे हे पत्रकाराचे कामच होय, त्यात गैर काही नाही. परंतु त्या उत्तरावर विचारायचा प्रश्न कायद्याच्या मजकुरातच लिहिलेला होता. मुलाचा बचाव या हक्कात बसतो, कारण दुसऱ्याच्या शरीराचे रक्षणही त्यात येते. मग घडली ती जागा कोणती? पोलीस निरीक्षकाचे दालन. सार्वजनिक अधिकाऱ्यांकडे दाद मागायला वेळ होता की नाही, हा प्रश्न देशात कुठे सर्वांत सहज विचारता येत असेल तर तो पोलीस ठाण्यात. आणि पोलिसांनी समोर असून काहीच केले नाही हा आमदारांचा आरोप खरा मानला, तर तो बातमीचा मुख्य धागा व्हायला हवा होता. चर्चा मात्र युतीतील दोन पक्षांच्या भांडणाकडे वळली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्या मतदारसंघातून त्यांच्या पत्नी भाजपच्या उमेदवार म्हणून निवडून आल्या. बातमीत कल्याण पूर्वेचे राजकारण उरले, ठाण्यातील प्रश्न उरला नाही.

आता याच्या शेजारी वीस वर्षांपूर्वीची नागपूरची घटना ठेवून पाहावी. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या अक्कू यादव या गुंडाला कस्तुरबानगरातील लोकांनी ठार केले. बायकांच्या हाती मिरचीपूड होती, भाजी चिरायच्या सुऱ्या होत्या. बंदूक नव्हती, परवाना नव्हता, फोनवर बोलायला वाहिनी नव्हती. वस्ती बहुतांश दलितांची. बलात्कार, खंडणी आणि मारहाण यांनी वर्षानुवर्षे ती गांजलेली होती; यादवला अनेकदा अटक झाली आणि तो अनेकदा सुटला. त्या दिवशीही प्रश्न जामिनाचाच होता.

या घटनेला मिळालेले शब्द कोणते? ‘जमावाचा न्याय’, ‘रणरागिणी’, ‘सूड’, ‘कायदा हातात’. निंदा करणारे आणि गौरव करणारे दोन्ही पक्ष एका बाबतीत सारखे होते : कोणीही त्या बायकांकडे कायद्याचा हक्क मागणारे नागरिक म्हणून पाहिले नाही. बलात्काराच्या हेतूने झालेल्या हल्ल्यात बचाव करताना हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क जातो, हे जुन्या संहितेच्या कलम १०० मध्ये स्पष्ट आहे. पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाविरुद्ध तो टिकेल का? साध्या वाचनाने टिकणार नाही, कारण भीती संपली की हक्क संपतो. पण जामिनावर सुटून तो संध्याकाळी गल्लीत येणार ही भीती संपलेली होती का, आणि दाद मागायला ‘वेळ’ होता म्हणायचे तर मागितलेल्या दादीचे काय झाले, हे विचारल्यावाचून उत्तर देता येत नाही. किती तक्रारी कोणत्या तारखांना दिल्या गेल्या, कोणत्या नोंदल्या, कोणत्या नाहीत, याचा तक्ता हीच त्या दिवसाची खरी बातमी होती. काही वार्ताहरांनी नंतर वस्तीत जाऊन बायकांच्या तोंडून ती हकीकत लिहिली, हे नोंदवले पाहिजे. पहिल्या पानाची भाषा मात्र त्यापूर्वीच ठरून गेली होती.

आकड्याचेही तसेच झाले. ‘दोनशे बायका’ हा आकडा जगभर फिरला आणि इतका पक्का झाला की २०२१ च्या हिंदी चित्रपटाचे नावच ‘२०० हल्ला हो’ असे ठेवले गेले. प्रत्यक्षात खटला चालला तो वीसेक जणांवर, आणि त्यांत पुरुषही होते. २०१४ साली पुराव्याअभावी सारे सुटले. ऑक्टोबर २०२२ मध्ये उमेश कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेली नेटफ्लिक्सवरील मालिका वस्तीतल्या लोकांना सविस्तर बोलू देते, हा तिचा मोठा गुण. तरी तिला जागा मिळाली ती ‘इंडियन प्रिडेटर’ या शीर्षकाखाली, म्हणजे नराधमांच्या मालिकेत. मध्यभागी पुन्हा गुंडच. बचाव करणाऱ्यांच्या नावाने मालिका निघत नाही.

दोन्ही घटना एकाच तराजूत घालाव्यात असा याचा अर्थ नाही. एकीत माणूस मेला, दुसरीत माणसे वाचली. एकीचा निकाल लागला आहे. तुलना आहे ती शब्दाच्या वाटपाची. ज्याच्यापाशी परवान्याचे शस्त्र, पद आणि फोन होता, त्याचे स्वतःचे शब्द त्याच रात्री ‘आत्मसंरक्षण’ म्हणून प्रसारित झाले. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते त्यांना तो शब्द दोन दशकांत कोणी देऊ केला नाही.

अमेरिकेत या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकात १९५८ पासून ‘द आर्म्ड सिटिझन’ नावाचे सदर येते. घरात शिरलेल्या चोराला दुकानदाराने किंवा गृहिणीने बंदूक दाखवून पळवले, अशा स्थानिक बातम्यांची ती कात्रणे असतात. मोठी वृत्तपत्रे बंदुकीने झालेली हत्या छापतात, बंदुकीने टळलेली छापत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. तक्रारीत तथ्य आहे. न घडलेला गुन्हा ही बातमी होत नाही. पण म्हणूनच त्याची मोजदादही भरवशाची नाही : १९९५ मध्ये क्लेक आणि गर्ट्झ यांनी दूरध्वनी पाहणीवरून वर्षाला सुमारे २५ लाख असे प्रसंग घडतात म्हटले, तर सरकारी गुन्हेपीडित पाहणीतून तो आकडा लाखाच्या आसपास येतो. कात्रणे निवडणाऱ्याने आधीच ‘सशस्त्र नागरिक’ असे नाव दिलेले असल्याने आतल्या प्रत्येक प्रसंगात बचाव न्याय्य होता की नाही, हे कोणी तपासत नाही.

आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, परवाना आहे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली होती. कामत हे मध्यप्रांत-वऱ्हाडाचे, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या आणि छिंदवाडा जिल्हाही सामावणाऱ्या प्रांताचे प्रतिनिधी. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. १९५९ च्या शस्त्र कायद्याने मात्र पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि स्वतःच्या रक्षणासाठी लांब नळीची बंदूक यांना पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपेक्षा सुलभ वाट ठेवली. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याचा परवान्याचा अर्ज हीदेखील संरक्षणाचीच हकीकत आहे. ती छापलेली क्वचित दिसते. छापून येते ते निवडणुकीपूर्वी ‘परवानाधारकांनी शस्त्रे जमा करावीत’ एवढे दोन ओळींचे आवाहन.

परवान्यांकडे माध्यमांनी खरोखर वळून पाहिले ते डिसेंबर २०२४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर. त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे आणि शेजारच्या परभणीत ते काही दशकांतच असल्याचे तेव्हा पुढे आले. हवेत गोळ्या झाडतानाच्या चित्रफिती वाहिन्यांवर झळकल्या, प्रशासनाने परवाने रद्द करायला सुरुवात केली. पत्रकारितेचे हे चांगले काम होते. मात्र ते परवाने देताना कोणत्या धोक्याची नोंद झाली होती आणि पोलिसांनी काय अभिप्राय दिला होता, हे तितक्या चिकाटीने विचारले गेले नाही. चित्रफीत दाखवायला सोपी, कागद मागवायला वेळ लागतो.

न्यायालयाची भाषा याहून किती सावध आहे हे दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या जानेवारी २०१० च्या निकालात दिसते. शेतजमिनीच्या वादात परवान्याच्या बंदुकीने गोळी झाडणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. कायदा पाळणाऱ्याने भित्र्यासारखे पळ काढावा अशी अपेक्षा नाही, हे त्यातले मत बातम्यांत गाजले. त्याच निकालपत्रात, हक्क भीतीबरोबर सुरू होतो आणि भीतीबरोबरच संपतो, बळ अगदी प्रमाणाबाहेरचे नसावे, हेही त्याच क्रमात सांगितले आहे. बचाव सोन्याच्या काट्यावर तोलू नये, असेही आहे. आरोपीवर या बाबतीत पुराव्याचा भार हलका असतो. शक्यतेचे पारडे झुकले तरी पुरते. म्हणजे कायदा इथे नागरिकाबाबत उदार आहे, पण ही उदारता घटनेचे मिनिट न् मिनिट तपासून मगच दिली जाते. दर्शन सिंग यांच्याबाबतही खालच्या न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि मग सर्वोच्च न्यायालयाने सोडले. तीन न्यायालयांना जे ठरवायला जवळपास दोन दशके लागली, ते नाव बातमीदार त्याच रात्री देऊन मोकळा होतो.