काळा, पण कोणता?

बल्लारपुरात कागदाचं कुणाला अप्रूप नाही. कागद कारखान्याची कंपनी 1945 सालची. जंगलातला बांबू आत जातो आणि पांढरा कागद बाहेर येतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझा धंदा त्या कागदावर अक्षरं बसवण्याचा. म्हणूनच असेल, लिब्रेऑफिस रायटरमध्ये परिच्छेदाच्या स्टाइलचा रंगांचा कप्पा उघडला की मला निळ्या-तांबड्या चौकोनांचं काही वाटत नाही. नजर जाते ती सगळ्यात वरच्या ‘ऑटोमॅटिक’वर.

ऑटोमॅटिक म्हणजे काळाच, असं गिऱ्हाईक समजतं. पांढऱ्या पानावर तो आणि हाताने दिलेला काळा शेजारी ठेवा, भिंग लावूनही फरक सापडायचा नाही. आता दोन्ही ओळींमागे गर्द हिरवा पट्टा टाका. हाताने दिलेला काळा त्यात बुडून जातो. ऑटोमॅटिक मात्र त्याच क्षणी पांढरा होतो. मागे काय आहे ते बघून स्वतःला ठरवणारी शाई! इतका समंजस रंग मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसरी गंमत मथळ्यांच्या स्टाइलींच्या वारशाची. ‘हेडिंग 1’पासून ‘हेडिंग 10’पर्यंत सगळ्यांची आई एकच, नुसती ‘हेडिंग’. आईला हिरवं नेसवलं की दहाही लेकरं हिरवी. पण एखाद्याने एकदा स्वतःचा तांबडा मागून घेतला, की पुढे आईने कितीही रंग बदलले, तरी ते आपलं तांबडंच. त्याला परत घरात घ्यायचं तर त्याचा रंग नुसता हिरवा करून भागत नाही, कारण तोही त्याचा स्वतःचाच हिरवा. वारसा परत देणारं बटण वेगळं आहे आणि ते फार कमी लोक दाबतात.

मराठी लिहिणाऱ्याला यात एक खास जागा सापडते. एकाच स्टाइलमध्ये देवनागरीचा फॉन्ट वेगळा, रोमनचा वेगळा. आकार वेगळा, ठळकपणाही वेगळा. मराठी ठळक करावं तर मधला इंग्रजी शब्द किडकिडीतच राहतो, असे प्रकार त्यातूनच होतात. रंग तेवढा एकच ठेवलाय. दोन लिप्या, दोन चुली, पण शाईची दौत सामाईक. हा निर्णय ज्याने घेतला त्याला माझा नमस्कार.

मागे एक विद्यार्थी बांबूवरचा ऐंशी पानी प्रबंध घेऊन आला. प्रत्येक मथळा माउसने धरून हिरवा केलेला, आणि मूडप्रमाणे हिरवे सहा. कोष्टकांच्या गडद पट्ट्यांत रकान्यांची निम्मी नावं पांढरी उठून दिसत होती, निम्मी गायब. म्हणजे तिथे कुणीतरी ‘काळा पाहिजे’ म्हणून मुद्दाम काळा दिलेला. हाताने दिलेला रंग स्टाइलच्या वर बसतो. खाली स्टाइलमध्ये काय वाटेल ते बदला, त्याला पत्ता नसतो.

जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासत. आमची हरताळ म्हणजे कंट्रोल-एम, हाताने दिलेलं सगळं पुसणारी. मथळ्यांना आधी रीतसर स्टाइली दिल्या, मग सगळं निवडून ती फासली. सहाही हिरवे गेले. सोबत मानवेल बांबूचं शास्त्रीय नाव, ‘डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस’, जिथे जिथे तिरकं होतं तिथे तिथे सरळ उभं राहिलं. ते तिरकेपणही हातानेच दिलेलं होतं ना! हरताळ रंग आणि वळण असा भेद करत नाही. मग शोधून शोधून नावं पुन्हा तिरकी केली, पण या खेपेला कॅरॅक्टर स्टाइलने.

दुसऱ्या दिवशी पोरगा आला. पानं उलटली, मान हलवली, आणि म्हणाला, “भाऊ, छान झालं. हिरवा थोडा गडद करून द्या ना.”

मी ‘हेडिंग’ उघडलं. त्याचा हात खिशातून पैसे काढून बाहेर यायच्या आत ऐंशी पानं गडद झाली होती.