हसायचं कशाला?

वाईट सिनेमाची म्हणून एक मजा असते. चांगला सिनेमा आपल्याला गप्प बसवतो, वाईट सिनेमात आपणच बोलत सुटतो. गोळी लागलेला माणूस मरता मरता भाषण देतो, आणि अख्खं घर एकमेकांना टाळ्या देत हसतं. हसावं की! पण हसतोय कशाला, एवढं बघावं.

कांती शाहांचा 'गुंडा' (1998) घ्या. मिथुन चक्रवर्तींचा हा सिनेमा यमक जुळवलेल्या संवादांपायी पुढे होस्टेलच्या पोरांना तोंडपाठ झाला. यमकं हसवतात, खोटं कशाला बोलू? पण बायकांची विटंबनाही त्याच ठेक्यात येते आणि हसू काही थांबत नाही. आपल्या धर्मात पाप तीन वाटांनी लागतं: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि अनुमोदिलेलं. "एवढा टुकार सिनेमा, मनावर काय घ्यायचं?" म्हणून दिलेली टाळी, तीही अनुमोदनाच.

आता मालेगावचे सिनेमे बघा. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' काढला. त्यातले डाकू घोड्यांवर नाही, सायकलींवर येतात. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. त्यातला सुपरमॅन म्हणजे यंत्रमागावर काम करणारे काटकुळे शेख शफीक, हिरव्या कापडापुढे उडणारे. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ती सगळी धडपड दिसते. आमच्या बऱ्हाणपुरातही मागांची खडखड आहे. दिवसभर त्या आवाजात उभ्या राहिलेल्या माणसाला दोन घटका हसायला मिळणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

इथेही आपण हसतोच. पण सायकलवरचा डाकू आपल्या आधीच हसलेला असतो. घोडा नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि ते तो लपवतही नाही. आपण त्याच्या गरिबीला हसत नाही, तिच्यावर त्यानं काढलेल्या तोडग्याला दाद देतो. रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' याच मंडळींवरचा. सुबक आहे, मनापासून केलाय. तरी त्यातली गरिबी पैसे खर्चून उभी केलेली. मूळ सिनेमांत ती घरचीच होती, म्हणून त्यांची गंमत उसनी घेता येत नाही.

स्वस्तातला सिनेमा वेगळा आणि हलका सिनेमा वेगळा. एकात पैसा कमी पडतो, दुसऱ्यात माणुसकी. पैसा कमी पडला तर पोट धरून हसावं. माणुसकी कमी पडली की टाळीसाठी उचललेला हात खाली घ्यावा.