जपानी मुद्राचित्रांचा संग्रह आणि कारागिराचे नाव

लाकडी ठशांवरून छापलेली जपानी निसर्गचित्रे जगभरचे रसिक आज संग्रही ठेवतात. १८३० च्या दशकात होकुसाई व हिरोशिगे यांनी फुजी पर्वताची आणि तोकाइदो मार्गाची जी दृश्ये रेखाटली, ती मुळात सामान्य नगरवासीयांना परवडणारी होती. पुढे त्यांच्या जुन्या प्रती दुर्मीळ झाल्या आणि धनिकांच्या प्रतिष्ठेचे साधन बनल्या. या परंपरेतील हिरोशी योशिदा (१८७६-१९५०) यांचा विचार आम्हांस विशेष अगत्याचा वाटतो. कारण १९३०-३१ मधील भारतभ्रमणात ते अजिंठा, वेरूळ आणि सांची येथे आले आणि त्यावर त्यांनी मुद्राचित्रे केली.

योशिदांचा खरा विषय प्रकाश होय. ताजमहाल त्यांनी दिवसा आणि रात्रीही चितारला. रंगाचे थर एकावर एक चढवून त्यांनी हा परिणाम साधला. कित्येक चित्रांस तीस वेळा वा त्याहून अधिक छपाई लागे. ही त्यांची सिद्धी निःसंशय मोठी आहे.

परंतु ती एकट्याची नव्हे. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते चेरीच्या लाकडात उतरवी आणि छापणारा ओलसर कागद ठशावर ठेवून बांबूच्या पानाने मढविलेल्या चकतीने घाशी. योशिदांस स्वतःस कोरता व छापता येई; तरी त्यांच्या कार्यशाळेत कसबी कारागीर राबत. असे असता त्यांच्या चित्रांच्या समासात ‘जिझुरी’, म्हणजे ‘स्वतः छापलेले’, अशी मुद्रा आढळते. वस्तुतः तिचा अर्थ त्यांच्या देखरेखीखाली छापलेले, एवढाच होतो. ही मुद्रा असलेल्या प्रतीस संग्राहक अधिक मोल देतात. ज्यांच्या हातांनी रंग चढविला, त्यांचे नाव मात्र त्या कागदावर नसते. आमचा आक्षेप आहे तो येथे.

या संदर्भात आम्हांस आमच्या भंडारा जिल्ह्यातील पवनीचे स्मरण होते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या उत्खननात तेथील जगन्नाथ टेकडीवरील प्राचीन स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्या उपासकांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. बहुतांच्या दानातून स्तूप उभा राहिला, याची ती साक्ष होय. तथापि, ती अक्षरे ज्याने कोरली त्या पाथरवटाविषयी आपण क्वचितच विचारतो. तेव्हा जो प्रश्न आम्ही जपानी चित्राला विचारतो, तो आपल्या वारशालाही विचारला पाहिजे.

ज्या समाजाचे श्रम शतकानुशतके निनावी राहिले, त्याने कलेकडे केवळ मालकीच्या वा नेत्रसुखाच्या दृष्टीने पाहू नये. आपल्या विहारांच्या ग्रंथालयांतून चित्रांची नोंद होईल, तेव्हा चित्रकाराच्या नावापुढे कोरणारा आणि छापणारा असे दोन रकाने अवश्य ठेवावेत. नावे न मिळाल्यास ते रिकामे राहोत. परंतु ते पुसून टाकू नयेत.