मंत्रिपदावाचूनची कारकीर्द

मृणाल गोरे यांचे मूल्यमापन ‘पाणीवाली बाई’ या बिरुदापाशीच थांबते. 1953 साली गोरेगाव ग्रामपंचायत, 1961 साली महापालिका, 1972 साली विधानसभा, 1977 साली लोकसभा; मंत्रिपद मात्र कधीच नाही. झोपडपट्टीतल्या नळासाठी त्या लढल्या, 1972 च्या लाटणे मोर्चात बायकांना रस्त्यावर आणले. हे ऋण मान्यच.

पण 1927 साली महाडला पाण्याचा सवाल माणूसपणाचा होता. उपनगरी समाजवाद्यांनी तो टंचाईचा, महागाईचा केला. जातीचा उच्चार त्यात क्वचितच. शेजारच्या आरे कॉलनीतील वारली पाड्यांना वीजपाण्यासाठी पुढे दशकानुदशके झगडावे लागले. तिथली जमीन सरकारी दुग्धखात्याची, खात्याला मंत्री होतेच. बाईंच्या गौरवलेखांत हे पाडे शोधून पाहावेत.