भिंत आणि मैदान

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२) भिवंडीत बसून पाहताना मला प्रशिक्षक बोराडेंपेक्षा ती भिंत मोठी वाटली. अलीकडे नागपूरची झोपडपट्टी, पलीकडे कॉलेजचे मैदान. पावसात प्लॅस्टिकच्या डब्याला लाथा मारणारी पोरे पाहून ज्यांना फक्त एका सद्गृहस्थाची करुणा दिसते, त्यांना हा चित्रपट अर्धाच कळला. करुणेने चेंडू मिळतो, मैदानावरचा हक्क मिळत नाही. बाळू पळवणकर पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात मैदान राखीत, साहेबांना गोलंदाजी टाकीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारलेच गेले. ते घरात आले १९२३ साली, धाकट्या विठ्ठलकडे. गुणवत्तेचा तुटवडा कधी होता?

इथे यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळीने चालतात, भोवतालच्या शेतजमिनींवर गोदामे उभी आहेत. पोराने खेळायचे केव्हा आणि कुठे? क्रीडाधोरण लिहिणारे स्पर्धांपासून सुरुवात करतात, पाळीपासून नाही.

मंजुळे मात्र कागदापर्यंत जातात. ओळखीच्या दाखल्यासाठी बापाबरोबर वणवण करणारी मोनिका हा मला चित्रपटाचा गाभा वाटतो. बक्षीस समारंभ त्यापुढे फिका. शेवटी विमान उडते. भिंत खालीच उभी आहे, आणि कॅमेरा ती लपवीत नाही.