कोल्हटकरांचे हसू

अकोला, खामगाव, जळगाव-जामोद या वऱ्हाडातील गावी वकिली करीत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी (१८७१–१९३४) नाट्यलेखन केले. 'वीरतनय', 'मूकनायक' ही त्यांची नाटके गाजली. राम गणेश गडकऱ्यांनी त्यांस गुरू मानले. आज ती नाटके रंगभूमीवर दिसत नाहीत. असे का व्हावे?

आमच्या मते त्यांतील पात्रे लेखकाच्याच तोंडाने बोलतात. राजा असो वा सेवक, कोटी एकाच टाकसाळीतील. बबन प्रभूंच्या 'झोपी गेलेला जागा झाला' या फार्समध्ये हसू प्रसंगातून फुटते, कोल्हटकरांचे शब्दांतून. शब्द शिळे झाले, तसे हसूही विरले.

'सुदाम्याचे पोहे' मात्र अद्याप ताजे आहेत. सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या वेडगळ रूढी मनोभावे पाळतात आणि स्वतःचेच हसे करून घेतात. लेखक उपदेश करीत नाही. वाचक हसता हसता आपल्याच घरात डोकावतो.

संमेलनासाठी प्रहसने लिहिणाऱ्या आमच्या तरुणांनी हे पोहे अवश्य चाखावेत. तोतऱ्याची नक्कल करून टाळ्या मिळतात; परंतु त्या वेळी प्रेक्षकांत एखादा तोतरा मुलगा मान खाली घालून बसलेला असतो, याचा विसर पडू नये.