समाधान कुणाला विचारायचं?

मागच्या व्याख्यानात आपण समाधान आणि कल्याण यांतला फरक पाहिला. आज त्याच कसोटीवर एक पुस्तक घासून बघू. सेथ होम्स यांचं 'फ्रेश फ्रूट, ब्रोकन बॉडीज', 2013 सालचं. होम्स डॉक्टर आहेत आणि मानववंशशास्त्रज्ञही. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातले त्रिकी आदिवासी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात स्ट्रॉबेरी तोडायला येतात. होम्स त्यांच्यात राहिले, वाकून फळं तोडली, त्यांच्याबरोबर सरहद्द ओलांडताना पकडलेही गेले.

पुस्तकाचं बळ आहे ते शेतावरच्या उतरंडीच्या वर्णनात. वर मालक, मग कचेरीतली माणसं, मग मुकादम, आणि तळाशी वाकून फळं तोडणारे त्रिकी. वरच्यांना यात काही खटकत नाही. त्रिकी बुटके, जमिनीजवळचे, त्यांना वाकणं जमतंच, असं सहज बोललं जातं. पिएर बुर्द्यू ज्याला प्रतीकात्मक हिंसा म्हणतो, ती हीच, असं होम्स सांगतात. विषमता निसर्गतःच आहे असं वाटायला लागतं. वरच्यांना वाटतं, आणि हळूहळू खालच्यांनाही. दवाखान्यातही तेच. गुडघा दुखतो म्हणून गेलेल्या मजुराला ऐकावं लागतं की तूच नीट वाकत नाहीस!

आता बघा, कल्याणाची पाहणी बहुतेक वेळा प्रश्नावलीने होते. तब्येत कशी आहे, समाधानी आहात का, वगैरे. त्यावर अमर्त्य सेन 1944 मधल्या बंगालमधल्या सिंगूरच्या पाहणीचा दाखला देतात. विधुरांपैकी 48.5 टक्के स्वतःला आजारी किंवा बेताच्या प्रकृतीचे म्हणाले. विधवांपैकी फक्त 2.5 टक्के. म्हणजे विधवा ठणठणीत होत्या का? अजिबात नाही. मागायची सवयच मोडली की तक्रारही उरत नाही. म्हणून होम्स उत्तरांपेक्षा शरीराकडे बघतात, ते मला पटतं.

माझा आक्षेप पुढे आहे. दडपलेल्या माणसाला आपली पायरी स्वाभाविक वाटते, हे पूर्ण खरं मानलं, तर संप कोण करतं? पुस्तकात संपाचा प्रसंग आहे. पण सिद्धांताच्या मांडणीत त्याला जागा मिळत नाही. आणि 2013 मध्येच त्या खोऱ्यातल्या फळतोड्यांनी, त्यांत ओआहाकाचे मिश्तेक आणि त्रिकी होते, संप केला, युनियन काढली आणि 2017 मध्ये करार मिळवला.

इथे एक धोका आहे. मजुराच्या समाधानावर विश्वास ठेवायचा नाही, हे ठीक. पण मग त्याचं कल्याण कशात, हे संशोधकानंच ठरवायचं का? मला वाटतं, गप्प राहण्याला साक्ष मानू नये. बोलण्याला मात्र मानावीच लागते. म्हणून पाहणी करणाऱ्यानं 'समाधानी आहात का' याच्या आधी विचारावं, 'नाही म्हणालात तर उद्या काम मिळेल का?' याचं उत्तर 'नाही' असेल, तर पुढच्या रकान्यांतल्या आकड्यांना फारसा अर्थ नाही.